बॉयलरचा वैल

त्या दिवशी दुपारी लाकडाच्या गुत्तेदाराचा, म्हणजे ठेकेदाराचा, माणूस जिनात आला आणि मालकांना म्हणाला, आता लाकूड येणार नाही. मालकांनी विचारलं, कधीपर्यंत. तो म्हणाला, या हंगामात नाही. मग तो निघून गेला.

मी तिथेच होते. यांच्यासाठी भाकरी घेऊन गेले होते आणि फडक्याची गाठ सोडत होते. यांच्यासाठी म्हणजे माझ्या पतींसाठी. आयुष्यभर मी त्यांचं नाव घेतलं नाही, आता ते नसताना घेऊन काय करायचं? येत्या पौषात त्यांना जाऊन वर्ष होईल. मी त्या जाण्याबद्दल लिहायला म्हणून बसते, पण लेखणी हातात घेतली की दर वेळी तो हिवाळा समोर येऊन उभा राहतो, आणि तो हिवाळा हसण्याचा होता. तेव्हा तोच लिहिते.

निजामी अमलातली गोष्ट. बीडच्या बाहेर, नारायणगडाच्या रस्त्याला एक जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथली यंत्रं वाफेच्या इंजिनावर चालत. इंजिनाला वाफ पुरवायला एक बॉयलर होता आणि त्याच्या भट्टीत दिवसभर बाभळीची लाकडं जळत. हे त्या इंजिनाचे मिस्त्री. जिनाच्या कुंपणाला लागून पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्या आम्हाला राहायला मिळाल्या होत्या.

त्या दोन खोल्या माझ्यासाठी काय होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं सासर आष्टीचं. घरात सासूबाई, दोन जावा, दीर, त्यांची मुलं. माणसं मायेची होती, पण नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची त्या घरात रीत नव्हती. लग्नानंतरचे पहिले काही महिने यांचा आवाज मला ओसरीवरून ऐकू यायचा, तेवढीच आमची ओळख. पुढे बीडला आलो. पहिल्या दिवशी मी यांचं ताट वाढलं आणि बाजूला उभी राहिले.

"तुजं बी घे की," हे म्हणाले.

"तुमचं होऊ द्या."

"कावून? कोन बघायलंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मला इतकी लाज वाटली की अर्धीच भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र दोन खाल्ल्या.

माझे वडील मोमिनाबादला शाळेत शिक्षक होते. शाळेत उर्दू, घरी मराठी. मला त्यांनी दोन्ही अक्षरं शिकवली होती. माझ्या ट्रंकेत लुगडी कमी आणि पुस्तकं जास्त होती. आष्टीला ती ट्रंक बंदच राहिली. इथे ती खिडकीखाली उघडी असायची, आणि संध्याकाळी हे हातापायाचं तेल धुऊन आले की म्हणायचे, "वाच की काहीतरी." मी काय वाचते याकडे यांचं लक्ष असायचंच असं नाही. डोळे मिटून ऐकत बसायचे.

गुत्तेदाराचा माणूस गेल्यावर त्या संध्याकाळी यांनी वाचायला सांगितलं नाही.

"अंगणात बघितलंस का?" हे म्हणाले. "एका अंगाला कापूस, एका अंगाला लाकूड. कापूस आधी संपला तर ठीक. लाकूड आधी संपलं तर इंजिन बंद. शेतकऱ्यांचा कापूस तसाच पडून राहील, पुढल्या साली कोनी हिकडं फिरकायचं न्हाई. मालक म्हनले, मग इंजिन इकून टाकतो."

"आणि आपण?"

"सोलापूरला माजा मामेभाऊ गिरणीत हाय. तिथं काम भेटंल. पन तिथं एका खोलीत धा धा गडी निजतेत. बायकामानसाला जागा न्हाई."

"म्हणजे मी?"

"तू आष्टीला." यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी दिव्याची वात उगीचच वर केली आणि खाली केली. आमच्या खिडकीतून ते दोन्ही ढीग दिसत. कापसाचा ढीग घराएवढा उंच, चंद्रासारखा पांढरा. लाकडाचा ढीग त्याच्या खांद्याला लागत नव्हता. आसपासच्या बाभळी आधीच तुटल्या होत्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, हवी तेवढी मिळे, पण ती भुरकन पेटते आणि भुरकन विझते. तिच्यावर इंजिन चालत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे इंजिनाला तेल देत होते. हिवाळ्याचा वारा सुटला होता. भाकरी गार पडेल म्हणून ठेवायला ऊबदार जागा शोधू लागले. भट्टीपासून धुराड्यापर्यंत जमिनीलगत विटांचा एक बोगदा होता, धूर जायचा. त्याच्यावरच्या फरशीवर मी भाकरी ठेवली. हे येईपर्यंत तिचा खालचा पापुद्रा खरपूस झाला होता.

"अगं, करपवलीस की!"

"मी कुठे? तुमच्या फरशीनं करपवली. इतकी तापते कशानं ही?"

"धूर जातो न्हवं खालून."

"जातो कुठे?"

"धुराड्यात."

"आणि मग?"

"मग काय, वर. आभाळात."

"सगळी धग आभाळात?"

"सगळी."

"म्हणजे तुमच्या चुलीला वैल नाही," मी म्हणाले.

हे हसले. हसता हसता घास तोंडातच राहिला. चुलीच्या मागच्या अंगाला दुसरं तोंड असतं तो वैल. पुढे भाकरी भाजत असते, आणि पुढून निसटलेली धग मागे वैलावर वरण शिजवते. त्याला वेगळं सरपण लागत नाही. वैल नसलेली चूल मांडणाऱ्या बाईला आमच्याकडे कुणी शहाणी म्हणत नाही.

त्या संध्याकाळी हे आले ते चुलीपुढे उकिडवे बसले आणि वैलावरच्या भांड्याभोवती हात फिरवत राहिले.

"वरण खाली घे."

"शिजायचंय अजून."

"घे तर."

मी भांडं उतरवलं. यांनी वैलाच्या तोंडातून आत डोकावून बघितलं आणि भुवई जाळून घेतली. तशाच अर्ध्या भुवईने माझ्याकडे वळून म्हणाले, "बॉयलरात हिरीचं पानी जातं. ह्या दिसांत तर नुसतं बरफ. अर्धं लाकूड त्याला ऊन करन्यातच जातंय. तेच जर धुरावर तापवून आत सोडलं तर?"

"मी आंघोळीचं पाणी रोज तसंच तापवते," मी म्हणाले.

"व्हय, पन तुजी घागर पंपाला जोडायची नसती. ऊन पानी पंप नीट ओढत न्हाई. त्याला ते वरून द्यावं लागंल." हे कोळशाने जमिनीवर रेघा मारू लागले. मी जेवायला वाढलं तेव्हा ताट ठेवायला जागा उरली नव्हती. चुलीबद्दल मी बोलत होते, पंपाबद्दल हे बोलत होते, आणि वरण कच्चंच खाल्लं गेलं.

मालक त्या भागातले मोठे जमीनदार, बोलायला फटकळ. ऐकून म्हणाले, "मिस्त्री, बायकूच्या नादानं कारखान्यात चूल मांडतो का बे?" पण त्यांच्या मळ्यावर गूळ करायच्या दोन जुन्या काहिली गंजत पडल्या होत्या, त्या त्यांनी दिल्या. "बाजारच्या दिवशी काय करायचं ते कर," म्हणाले. "दुसऱ्या दिशी सकाळी भोंगा वाजला पायजे."

बाजारच्या दिवशी जिन बंद असे. लोहाराने काहिलींना ठिगळं मारून ठेवली होती. यांनी आणि भट्टीवरच्या आगवाल्याने मिळून बोगद्याची फरशी काढली, आणि धुराच्या वाटेवर दोन्ही काहिली बसवल्या. मी चिखलात राख कालवून काहिलींच्या बुडाला लेवण दिलं, म्हणजे काजळी लवकर सुटते. सांधे लिंपले. विहिरीचं पाणी आधी एका काहिलीत, मग दुसरीत, मग उतारावरून पंपाकडे, अशी वाट केली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं कोपरापर्यंत चिखलात होतो. आगवाला मला म्हणाला, "वैनी, तुमी जिनात आल्या आसत्या तर मिस्त्रीची नोकरी गेली आसती." हे म्हणाले, "गप बे," पण खूश झाले होते.

सकाळी भट्टी पेटवली आणि सगळा धूर उलटा आमच्या तोंडावर आला.

जिनात काम करणाऱ्या बायका तेवढ्यात येत होत्या. त्यांची मुकादमीण म्हणजे एक ठसठशीत म्हातारी. तिच्या आवाजापुढे इंजिन हळू वाटे. ती दारातच कमरेवर हात ठेवून हसू लागली. "अगं बया, चूल धुपली की! काय वं मिस्तरीणबाई, भांडं येवढं दडपून बसवत्यात का वैलावर? धूर जाईल कुठनं, तुमच्या नाकातनं?"

ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि आदल्या दिवशी आम्हा तिघांपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. काहिली विटांवर चार बोटं उचलून घेतल्या, धुराड्याच्या तळाशी पऱ्हाटीचा एक भारा पेटवून धुराला ओढ दिली, आणि धूर निमूटपणे आपल्या वाटेने निघाला. पाण्यातून वाफेची पहिली बट उठली तेव्हा यांनी काहिलीत बोट बुडवलं आणि लहान मुलासारखं मला म्हणाले, "ऊन हाय!"

आता काम सुरू व्हायचं. पण मुकादमीण आडवी आली.

"नवी चूल हाय. दूध उतू घातल्याबिगर वापरायची न्हाई."

"आज्जे, ही चूल न्हवं, यंत्र हाय," हे म्हणाले.

"लिंपली कुनी? बाईनं. मग चूलच हाय."

बायकांनी तिची बाजू घेतली. दूध उतू जाणं म्हणजे भरभराट. नव्या चुलीवर ते झालं नाही तर घर धड चालत नाही, आणि या चुलीवर सगळ्यांचं काम अवलंबून होतं. मालकांनाही ते पटलं. त्यांनी वाड्यावरून म्हशीचं दूध पाठवून दिलं आणि स्वतः कचेरीत कामाला गेले. मी पातेल्याला हळदकुंकू लावलं. काहिलीत दोन दगड ठेवून त्यांवर ते पातेलं उभं केलं. खाली पाणी, वर दूध.

जिन सुरू झालं, पण काम कुणाचं होत होतं? प्रत्येक बाई घटकेघटकेला येऊन डोकावून जात होती. दुधावर साय धरली. साय जाड झाली. पण दूध काही हलेना.

"जाळ कमी हाय," एक जण म्हणाली.

आगवाल्याने ते मनावर घेतलं. त्याने एक ओंडका जास्त घातला, मग अजून एक. दूध आलं नाही तर आपल्या भट्टीला बोल लागेल असं त्याला वाटलं. बायका "घाल, घाल" म्हणत होत्या. मीही तिथे उभी होते आणि मीही दुधाकडेच बघत होते. हे आतल्या बाजूला इंजिनापाशी होते. वाफेचा काटा का चढतोय ते यांना कळेना. हे "काय चाललंय बे?" असं ओरडत बाहेर येईपर्यंत बॉयलरवरची झडप उघडली आणि जास्तीची वाफ अशी किंचाळत सुटली की अंगणातल्या गाड्यांचे बैल जू टाकून पळाले. एक जोडी थेट बाजारतळावर सापडली.

मालक धावत आले. त्यांनी लाकडाच्या ढिगाकडे बघितलं. ढिगाला एका बाजूने मोठा खळगा पडला होता.

"लाकूड वाचवायला चूल मांडली का जाळायला?" ते म्हणाले. "काढा त्या काहिली. आत्ताच्या आत्ता."

 आगवाला जमिनीकडे बघत होता. हे काहिलीकडे गेले आणि लिंपणाला हात घातला. मला आष्टीच्या घराचं माजघर दिसलं, तिथली बंद ट्रंक दिसली. मी तोवर मालकांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "या वैलावर दूध उतू जायचं नाही. खाली पाणी आहे. पाण्यावर ठेवलेलं दूध कितीही जाळ केला तरी उतू जात नाही. ते आटतं."

मालक थांबले. "मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"मीसुद्धा दुधाकडेच बघत होते."

मुकादमिणीने पातेल्यात बघितलं. दूध खरंच दोन बोटं खाली गेलं होतं आणि पिवळसर झालं होतं. ती विचारात पडली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मालकही बघत होते, कारण तिने नाही म्हटलं असतं तर एकही बाई यंत्राला हात लावणार नव्हती.

"उतू गेलेलं दूध चुलीत जातं," ती शेवटी म्हणाली. "आटलेलं पोटात जातं. ह्या चुलीचा मान आटवायचा. मालक, साखर मागवा."

मालकांना हसू आवरलं नाही. "साखर बी मीच देऊ का गं म्हातारे?"

"मग काय आमी? चूल कुनाची?"

काहिली राहिल्या. जाळ नेहमीसारखा झाला. संध्याकाळी भोंगा होईपर्यंत बासुंदी झाली होती. ती पळसाच्या पानांवर सगळ्यांच्या वाट्याला एकेक घास आली. यांनी आपला घास बोटावर घेऊन मला दिला, सगळ्यांसमोर. बायका ओरडल्या. मी तोंड फिरवलं, पण आधी खाल्ला.

पण त्या सकाळी जळालेलं लाकूड परत येणार नव्हतं. पुढचे सगळे दिवस जिनात प्रत्येकाची नजर त्या दोन ढिगांवर होती. शेतकरी गाडी सोडता सोडता विचारायचे, "कोन म्होरं हाय?" आगवाला आता ओंडका असा जपून घालायचा, जणू तो त्याच्या घरचा आहे. दर आठवड्याला हे काहिलींच्या बुडाची काजळी खरवडून यायचे, तेव्हा नुसते डोळे आणि दात दिसायचे. मी म्हणायचे, "कोण पाहिजे आपल्याला?" हे म्हणायचे, "मिस्तरीणबाई हायत का? त्यांनी चूल मांडून दिलती, तिची राख काढून आलो." माझ्या खिडकीतून मी रोज सकाळी बघायचे. लाकूड उतरत होतं, पण पूर्वीसारखं नाही. कापसाचा ढीग आधी त्याच्यावरून खाली बघत असे. हळूहळू दोघे सारखे झाले.

त्यात एक सुख असं मिळालं, जे आम्ही मागितलं नव्हतं. संध्याकाळी इंजिन थांबलं तरी बोगद्याच्या विटा तापलेल्या राहत आणि काहिलींतलं पाणी कढत राही. दिवसभर कापसाचे तंतू उडून बायकांच्या केसांत, भुवयांत, कानांत बसत. एरवी त्या तशाच पांढऱ्या डोक्याने थंडीत घरी जात. आता त्या बोगद्यामागे गोणपाटाचा आडोसा करून तिथेच डोकी धुऊ लागल्या. आडोशाआडून अशी गाणी आणि अशा थट्टा ऐकू येत की मालक कचेरीची खिडकी लावून घेत. मुकादमीण केस पिळत बाहेर यायची आणि म्हणायची, "तालुकदाराच्या बायकूला बी हे न्हानं न्हाई." मी त्यांच्यात जाऊन बसायचे. वाचलेल्या गोष्टी सांगायचे. त्या माझ्या गोष्टींमध्ये स्वतःच्या गोष्टी मिसळून त्या जास्त चांगल्या करायच्या.

शिमगा जवळ आला तेव्हा कापूस संपला. अंगणात त्या जागी नुसती पांढरी धूळ उरली. लाकूड होतं. थोडं, पण होतं. हे हंगाम संपल्याचा भोंगा वाजवायला निघाले, आणि तेवढ्यात रस्त्याला गाड्या दिसल्या. लिंबागणेशच्या बाजूचे शेतकरी होते. घरात लग्न निघालं म्हणून त्यांना उशीर झाला होता. गाड्या कापसाने शिगोशीग भरलेल्या.

मालक बाहेर आले. गाड्यांकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"होतंय का, मिस्त्री? न्हाई म्हन, मी त्यांना माघारी लावतो. त्यात काही कमीपणा न्हाई."

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, मालकांची अट पुरी झाली होती. कापूस संपला होता. मी कुंपणापाशी उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

"होतंय," हे म्हणाले.

तो दिवस आणि दुसरा दिवस इंजिन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आगवाला ओंडके हातात घेऊन वजन करून बघत होता. बायकांनी यंत्रावरून मान वर केली नाही, मुकादमिणीनेसुद्धा. शेवटची गाडी रिकामी झाली, शेवटचा कापूस यंत्रातून गेला, आणि यांनी भोंग्याची साखळी ओढली ती सोडलीच नाही. वाफ संपेपर्यंत भोंगा वाजत राहिला. मी ढिगाच्या जागी गेले. तिथे काही ओंडके पडले होते. मालक येऊन त्यातल्या एकावर बसले.

"इंजिन कुटं जात न्हाई," ते यांना म्हणाले. "तू बी कुटं जायचं न्हाई बे. सोलापूर-बिलापूर काय न्हाई. आनि त्या खोलीचा पत्रा गळतो म्हनं, तो बदलून घे."

"गळत न्हाई मालक," हे म्हणाले.

"गळतो," मी म्हणाले.

पत्रा बदलला. आम्ही त्या दोन खोल्यांत राहिलो. दर हंगामाला पहिल्या दिवशी काहिलीवर दूध आटवायचं आणि सगळ्यांना वाटायचं, असा त्या जिनाचा रिवाज पडला. नव्या येणाऱ्या बायकांना तो फार जुना वाटे. पुढे सासूबाई एकदा राहायला आल्या. तीन दिवस आम्हाला समोरासमोर जेवताना बघत राहिल्या; चौथ्या दिवशी आपलं ताट घेऊन आमच्यात येऊन बसल्या.

मग तेलावरचं इंजिन आलं, बॉयलर थंड झाला, निजामी गेली. मालक गेले, मुकादमीण गेली. शेवटी हे गेले.

जिनाच्या जागेवर आता धान्याची गोदामं आहेत. धुराडं पाडलं. बोगद्याच्या विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या. कुंपणाकडच्या दोन खोल्या उभ्या आहेत, आणि मी तिथे राहते.